जे लेखात लिहिलं नाही

प्रेमलताबाईंसमोर नाही म्हणायची हिंमत मला तेव्हा झाली असती, तर मी आजही स्वतःला मोठी शहाणी समजत बसले असते.

त्या आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन. विदर्भातल्या नर्सबायांचं अधिवेशन नागपुरात भरवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्र्याहत्तर साल, एप्रिल महिना, वर दुष्काळ. धरमपेठेतसुद्धा नळाला जेमतेम तासभर पाणी, आणि ह्या बाई गावोगावच्या दीडशे जणींना बोलावून जेवू घालणार! मी तोंडावर म्हटलं, "काहून पण बाई? आपलं नर्सबायांचं पत्रक निघते न दर तीन महिन्यांनी. ज्याले वाचायचं ते वाचतात. समोरासमोर बसून काय वेगळं होणार आहे? चहा पितील आन् एकमेकींच्या साड्या पाहतील."

"झालं तुझं बोलून?" त्या म्हणाल्या. "आता ऐक. पत्रकातला तुझा तो लेख तू सगळ्यांसमोर करून दाखवायचा. वाचायचा नाही, करून दाखवायचा."

ऑपरेशन थेटरात मी भल्याभल्या डॉक्टरांना दटावत असे, पण चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की मला शब्द सुचायचे नाहीत.

लेख कशाचा, ते सांगते. मी यमुना दाणी, ऑपरेशन थेटरची सिस्टर. सिरिंज आणि सुया आम्ही पाण्यात उकळून घ्यायचो. नळ आटला की विहिरीचं पाणी, आणि ते इतकं जड की महिन्याभरात उकळायच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरायचा. खरवडून निघायचा नाही मेला. मी पातळ केलेल्या तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, तो काढायची रीत बसवली होती. तेजाबाचं पाणी भांड्यात पंधरा मिनिटं उकळायचं, ओतून द्यायचं, भांडं आतून लख्ख. लेख छापून आला, खाली माझं नाव आणि पत्ता. मी जास्तीच्या चार प्रती मागवल्या होत्या. खोटं कशाला बोलू, चांगली फुगले होते मी.

तर रविवारी सकाळी अकरा वाजता मी एका शाळेच्या हॉलमध्ये स्टेजवर उभी राहिले. समोर नुसत्या पांढऱ्या साड्या. तेजाबाची बाटली काचेच्या मापावर टकटक वाजायला लागली, आणि माईकमधून ती टकटक अख्ख्या हॉलला ऐकू गेली. पाठ केलेलं भाषण साफ विसरले. म्हटलं, मरू दे ते भाषण, रोजचं काम रोजच्यासारखं करू. मान खाली घातली आणि हात चालवायला लागले.

तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती, पंचविशीची, सावळी, अंगानं बारीक. बाकीच्या वहीत उतरवून घेत होत्या, ही काही लिहीत नव्हती. माझ्या तोंडाकडेही पाहत नव्हती. तिची नजर माझ्या हातांवर होती आणि ती तिथून हलतच नव्हती. मला त्या नजरेची धास्ती बसली. माझं काय चुकतंय म्हणून ही अशी पाहून राहिली?

तेजाबाचं पाणी ओतलं. साधं पाणी भरलं, उकळलं, ओतलं. परत भरलं, उकळलं, ओतलं. तिसऱ्यांदा भरलं, उकळलं, चमचाभर पाणी काढून फुंकर मारली, त्यात बोट बुडवलं आणि बोट जिभेला लावलं. आंबट नव्हतं. झालं काम.

हॉलमध्ये एकच हशा पिकला.

मग माझ्या ध्यानात आलं, मी दीडशे बायकांसमोर काय केलं ते. तीन वर्षं मी हे थेटराचं दार लोटून एकटीनं करत होते. पाणी आंबट लागलं तर तेजाब उरलंय, आणखी एक पाणी घ्यायचं, इतकी साधी गोष्ट. पण नागपूरच्या थेटरची सिस्टर बोट चाटते, हे छापून कसं आणायचं? किती गावठी दिसलं असतं! ते मी लेखातून गाळलं, आणि ते गाळलं म्हणून किती पाणी घ्यायचे तो हिशेबही गाळला. 'नंतर भांडे स्वच्छ पाण्याने धुवून घ्यावे' एवढंच लिहिलं होतं.

सगळ्या हसत होत्या. तिसऱ्या रांगेतली ती तेवढी हसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

जेवणाच्या पंगती हॉलमध्येच मांडल्या होत्या. ती शोधत शोधत माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, मी सुमती. देवखाप्याच्या दवाखान्यातली." देवखापा म्हणजे रामटेकच्या पलीकडचं गाव, नागपूरपासून पस्तीसेक मैल. तिथे कुठल्याशा ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. "ते बोट तुमी जिभेले काहून लावलं?"

"तूही हसायला आलीस का वं?" मी डाफरले.

"नाई जी. मले लेख पाठ हाये. त्यात बोट नाई."

तिचा आवाज ऐकून माझा राग जागच्या जागी विरला. मी सांगितलं, "तेजाब उरलं का काय ते कळते त्यानं. बहुतेक तीन पाण्यात निघून जाते. तू किती पाणी घेतेस?"

"एक." ती पानाकडे पाहून बोलत होती. "आठ दिवसातून एकडाव टँकर येते जी. डॉक्टरसाहेब बादली मोजून देते. तुमी लिवलं व्हतं, धुवून घ्यावं. मी धुतलं."

माझा घास हातातच राहिला. "सुमती, तुमच्याकडं ऑपरेशनच्या वेळी कमरेतलं इंजेक्शन देतात का?"

कमरेतलं इंजेक्शन म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून खालचं अंग बधिर करायचं. तिथले मज्जातंतू इतके नाजूक की सुईबरोबर नको ते थेंबभर आत गेलं तरी संपलं. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. तिनं खरकट्या हातानंच माझं मनगट धरलं.

"कौतिका नावाची बाई हाये, ताई. दोन महिने झाले. लेकरं बंद कराचं आपरेशन. आपरेशन चांगलं झालं. पण पाय बधिर झाले ते झालेच, उठलेच नाई. डॉक्टर म्हणते, तिच्या अंगातच लकव्याचं वारं व्हतं. मले झोप नाई लागत. सुया मीच उकळल्या व्हत्या न."

"मग मला लिहिलं काहून नाहीस? पत्ता छापला होता न!"

"काय लिवू? कागदावर आलं का माई नोकरी गेली. आन् तुमी काय उत्तर देल्लं असतं? बरोबर धुतलं नसन म्हणून. मीबी तेच समजत व्हती. म्हटलं, एकडाव त्या बाईचे हात पाहून यावं. माया हातात काय चुकते ते तरी समजन."

तुझ्या हातात काही चुकलं नाही बाई, असं मी तिथल्या तिथे म्हणायला पाहिजे होतं. खरं सांगते, त्या वेळी मला कौतिका नाही आठवली. आठवलं ते लेखाखालचं माझं नाव. मनात आलं, हिनं अजून कोणाजवळ तोंड उघडलेलं नाही. यापुढं तीन पाणी घेत जा, इतकं हिला सांगावं आणि गुपचूप घरी निघून जावं. असलं काही मनात यावं इतकी मी घाबरले होते.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आज तुझ्या जागी कोण आहे?"

"दुसरी सिस्टर हाये. आज तीन बायाइचे आपरेशन हायेत, तीन वाजता." आणि मग तिनं पान पुढे सारलं. "भांडं मीच पहाटे साफ करून आली, ताई. तुमाले भेटायचं व्हतं न. म्हणून चांगलं लख्ख करावं म्हटलं, रोजच्याहून जास्त तेजाब टाकून घासलं."

भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

मी पानावरून उठले. शाळेच्या ऑफिसातून देवखाप्याला ट्रंककॉल लावला, अर्जंट. एक्स्चेंजवाली म्हणाली, लाईन खराब आहे, दोन तास तरी धरून चला. मी तिच्यावर असं ओरडले की प्रेमलताबाई धावत आल्या. त्या बिचारीचा काय दोष होता? बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, खिडकीतून खाली पाहिलं. मग म्हणाल्या, "पाहुण्यांना ने-आण करायची जीप खाली आहे. ड्रायव्हर रुपरावला सांगते. दोघी निघा."

दाराशी येऊन मी थांबले. पंगत चालूच होती. सुमतीनं लेख वाचला, तसा ह्यांतल्या आणखी किती जणींनी वाचला असेल?

"बाई, ह्यांना सांगायला पाहिजे."

"मी पत्रकात खुलासा छापते. तू निघ."

"पत्रक जूनमध्ये निघते, बाई!" असं म्हणून मी स्टेजकडे वळले. दोन तासांपूर्वी ज्या माईकनं माझी बोबडी वळवली होती, तो मी दोन्ही हातांनी धरला. आताची भीती सकाळच्या भीतीपेक्षा फार मोठी होती.

"माझा लेख वाचून तेजाबानं भांडं कोण कोण साफ करतं? हात वर करा."

त्यांना वाटलं, मला शाबासकी हवी आहे. हसत हसत खरकटे हात वर व्हायला लागले. पाच झाले, दहा झाले, आणखी मागून वर येतच होते. सतरा भरले. सतरा दवाखान्यांतल्या सुया माझ्या शब्दावर उकळत होत्या.

"त्यातल्या एकाच पाण्यानं धुणाऱ्या किती?"

हसणं थांबलं. काही हात खाली गेले. नऊ वरच राहिले.

"माझा लेख चुकलाय," मी म्हटलं. "त्यात एक गोष्ट मी लाजेनं लिहिली नाही. सकाळी तुम्ही जिला हसलात, तीच. त्यापायी एका बाईचे पाय गेलेत. भांड्यात तेजाब घातलं की तीन पाणी उकळून ओतायचे. मग बोट बुडवून जिभेला लावायचं. आंबट लागलं तर त्यातली सुई उचलायची नाही. डॉक्टर कितीही आरडाओरडा करोत, नाही म्हणजे नाही."

मागच्या पंगतीतली एक वयस्कर सिस्टर उठून उभी राहिली, काही बोलणार असं वाटलं, आणि तशीच मटकन खाली बसली. तिच्याकडं काय घडलं होतं, ते विचारायला मला वेळ नव्हता. खरं तर धीरही नव्हता.

जीप निघाली. कन्हानच्या पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती आणि ती काही केल्या पुढे सरकेना. सुमती पदराचं टोक चावत होती. मी रुपरावला सारखी म्हणत होते, "हाण गा, हाण!" तो म्हणाला, "गाड्याईच्या वरून नेऊ का बाई?" मी मनगटावरचं घड्याळ हातानं झाकून ठेवलं.

देवखाप्याला पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होते. आम्ही पायातल्या चपला सोडून धावत थेटरात शिरलो. पहिली बाई टेबलावर पाठ वाकवून बसली होती. पाठीला आयोडीन लावून झालं होतं. डॉक्टर मनोहरराव सिरिंज उजेडाकडे धरून पाहत होते.

"थांबा!" मी ओरडले. "ती सुई खाली ठेवा!"

"कोण तुम्ही? आत कशा आल्या? सुमती, हे काय चाललंय?"

"साहेब, ह्या लेखवाल्या ताई..." सुमतीला पुढे बोलवेना.

मी त्यांच्याशी वाद घालत बसले नाही. कोपऱ्यातल्या भांड्याचं झाकण काढलं, चमचा बुडवला. तेव्हा देवाजवळ काय मागावं, ते क्षणभर मलाच समजेना. पाणी आंबट नसलं तर माझा लेख सुटला, कौतिकाचे पाय दुसऱ्या कशानं तरी गेले. मी तेच मागितलं. लाज वाटते सांगायला, पण तेच मागितलं. मग बोट जिभेला लावलं.

आंबट होतं. कच्च्या चिंचेसारखं आंबट.

चमचा तसाच डॉक्टरांपुढे नेला. "तुम्हीच पाहा, साहेब."

फोन लागला असता, तर त्यांनी माझं अर्धं ऐकून ठेवून दिला असता, ह्यात मला शंका नाही. कुठल्या तरी नर्सबाईच्या सांगण्यावरून कोणता डॉक्टर ऑपरेशन थांबवतो? पण चमचा नाकासमोर होता. त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं, बोट बुडवलं, चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. मग हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, आणि टेबलावरच्या बाईला अगदी हळू आवाजात म्हणाले, "उतर बाई. आज नाही करायचं." ती बाई पदर सावरत, कुरकुरत खाली उतरली. आपल्या पायांनी चालत दाराबाहेर गेली. मी ते दोन पाय दिसेनासे होईपर्यंत पाहत होते.

मला वाटलं, झालं. आता रडून घ्यावं. तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली.

"सुमतीबाई! आल्या का वं तुमी? काय म्हणल्या त्या नागपूरच्या बाई?"

व्हरांड्यात खाटेवर कौतिका पडलेली होती. तिशीचीही नसेल. पायांवर जुन्या लुगड्याच्या धडप्याचं पांघरूण, आणि त्याच्याखाली काही हलत नव्हतं. उशाशी तिचा नवरा कवडू पुठ्ठ्यानं वारा घालत बसला होता. सुमती पायांचं कारण विचारायला नागपूरला गेली, एवढंच त्या दोघांना माहीत होतं. सकाळपासून ते रस्त्याकडे डोळे लावून होते.

"ह्याच त्या बाई," सुमती म्हणाली.

"अव माय! सोता आल्या!" कौतिकाचं तोंड फुललं. कवडू ताडकन उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले, तर मागे भिंत. त्याचं डोकं माझ्या पायांवर टेकलंच. इतकी मी जन्मात भ्याले नव्हते.

"समजलं का जी बाई?" कौतिका विचारत होती. "माये पाय कशानं गेले, ते समजलं का? आता येतीन न परत?"

सुमती पुढे झाली. ती सगळं आपल्यावर घेणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"सुमतीचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळं गेले. सुया उकळायच्या भांड्याबद्दल मी एक लेख लिहिला होता. त्यात एक गोष्ट लिहायची मी सोडून दिली. आणि पाय परत येतील असं मला वाटत नाही, बाई."

कवडू पुन्हा वारा घालायला बसला होता, त्याच्या हातातला पुठ्ठा थांबला. कौतिका माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ती किंचाळेल, शिव्या देईल. ती देईल तेवढ्या घ्यायची माझी तयारी होती. पण तिला रागच आलेला नव्हता, तिला काही उमगलंच नव्हतं.

"लिवायची सोडली?" ती म्हणाली. "पण मले तं वाचताच येत नाई, बाई. मंग माये पाय काहून गेले?"

मी तिच्या खाटेवर बसले आणि तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.